घराण्याचा रोग, घराण्याचा दोष नव्हे

काही दुखण्यांची नावे आपण मोठ्याने घेतो, काहींची घेत नाही. ताप आला तर शेजाऱ्यास सांगतो, हाड मोडले तर साऱ्या वाड्यास कळते. परंतु कर्करोग घरात शिरला म्हणजे दाराला आतून कडी लागते. ‘गाठ होती’, ‘पोटाचे दुखणे होते’, ‘देवाने बोलावले’, एवढ्यावर बोलणे संपते. बेळगावकडील आमच्या घरांतून आम्ही हेच ऐकत वाढलो. आमच्या थोरल्या आत्याबाई कोणत्या दुखण्याने गेल्या हे त्यांच्या स्वतःच्या मुलींनाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. का सांगितले नाही, असे विचारले तर वडील माणसे आवाज खाली आणून म्हणत, “मुलींची लग्ने व्हायची आहेत.”

या मौनाच्या मुळाशी दोन समजुती आहेत. एक अशी की, हा रोग रक्तातूनच येतो. ज्या घरात तो एकदा आला तेथे ठाण मांडून बसतो आणि त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. दुसरी अशी की, अशा दुखण्यामागे कोणाचे तरी पाप असले पाहिजे. पहिली समजूत थोडी खरी व पुष्कळशी खोटी आहे. दुसरी मुळीच खरी नाही. कर्करोगाची कारणे शोधण्याचे काम गेली अडीचशे वर्षे चालू आहे. त्याचा थोडक्यात वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा आणि कुटुंबाने त्यातून काय घ्यावे हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम बाहेरून येणाऱ्या कारणांकडे वळू. १७७५ साली लंडनमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी असे नमूद केले की, धुराडी साफ करणाऱ्या लोकांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग विशेषेकरून होतो. अंगाने बारीक म्हणून गरिबांची लहान मुले या कामाला लावीत व त्यांना अरुंद धुराड्यांत चढवीत. काजळी त्यांच्या कातडीच्या घड्यांत वर्षानुवर्षे बसे, आणि मुले वाढून मोठी झाल्यावर रोग डोके वर काढी. तो रोग त्यांच्या कुळात नव्हता, काजळीत होता. आणि काजळीत त्यांना गरिबीने ढकलले होते.

दुसरे उदाहरण आम्हां कॅथलिकांस अधिक जवळचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यांनी लिहून ठेवले की, मठांतील धर्मभगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. पुढे १८४२ साली रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ पर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. स्तनाचा कर्करोग धर्मभगिनींत अधिक, परंतु गर्भाशयाचा फार थोडा, असे त्यांस आढळले. याचा उलगडा व्हावयास आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. बाळंतपणे व अंगावर पाजणे यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमी होतो, ही एक गोष्ट. आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूमुळे होतो, ही दुसरी. या दुसऱ्या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूवर आता लस निघाली असून भारतात तयार झालेल्या लसीलाही २०२२ साली मान्यता मिळाली आहे. तेव्हा त्या धर्मभगिनींचा एक रोग हा व्रताचा दंड नव्हता, आणि दुसऱ्यापासून मिळालेली सुटका हे व्रताचे बक्षीसही नव्हते. शरीराचे नियम शरीराच्या ठिकाणी, आणि आत्म्याचा हिशेब परमेश्वराच्या ठिकाणी.

तंबाखूची कथा तर सर्वांस ठाऊक असावयास हवी. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी दाखवून दिला. त्याच्याही आधी, १९४४ साली, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला होता. निरनिराळ्या समाजांतील चालीरीती आणि त्यांच्यात दिसणारे कर्करोग यांचा मेळ घालून पाहणे हे त्यांचे मोठे कार्य होय. आंध्रच्या किनाऱ्यावर बायका चुट्ट्याचे पेटलेले टोक तोंडात धरून धूर ओढीत, आणि तेथे टाळूचा कर्करोग विशेष आढळे. रीत तशी जखम. आमच्या भागात निपाणीच्या तंबाखूवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, हे आम्ही जाणतो व त्या कष्टकऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि मशेरी लावणारी आजी, विडी ओढणारे आजोबा आणि गालात सुपारी धरणारा नातू यांच्या घरात कर्करोग झाला तर तो ‘घराण्यातून’ आला असे म्हणणे योग्य नव्हे. सवयही पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, आणि दुरून पाहणाऱ्यास ती रक्तासारखीच दिसते.

रक्त आणि राहणी यांतील हा फरक एका स्थलांतराने उत्तम दाखविला. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार असे व मोठ्या आतड्याचा थोडा. जे जपानी लोक हवाई बेटांत व अमेरिकेत जाऊन राहिले, त्यांच्यात आतड्याचा कर्करोग वाढत गेला, आणि तेथे जन्मलेल्या मुलांमध्ये जठराचा कर्करोग कमी झाला. कूळ तेच, बदलले होते ते पाणी, अन्न व जीवनक्रम.

मग रक्ताकडून काहीच येत नाही काय? येते, आणि तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १८६६ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या साली ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्याच्या रोपांवरील निबंध छापून निघाला आणि आईबापांचे गुण संततीत कोणत्या हिशेबाने उतरतात हे त्यांनी दाखवून दिले. त्याच साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याने आपल्या पत्नीच्या माहेरची वंशावळ मांडली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातील स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. मठातील बागेत जो नियम सापडला तोच पॅरिसमधील त्या घरात काम करीत होता. परंतु हे दोन धागे जुळावयास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. वॉर्थिन यांना शिवणकाम करणाऱ्या एका बाईने सांगितले की, आमच्या घरातली माणसे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानेच जातात, मीही तशीच जाणार. ती बाई खरोखरच त्याच रोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही; तिच्या घराण्याची नोंद करून १९१३ साली ती प्रसिद्ध केली. पुढे १९६२ साली ओमाहा शहरात हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांना असाच एक मनुष्य भेटला. आपल्या घरातील सर्वांप्रमाणे आपणही आतड्याच्या कर्करोगानेच मरणार, या धास्तीने तो दारूच्या आहारी गेला होता. लिंच यांनी त्याच्या नातेवाइकांना शोधून काढले, दप्तरे तपासली, आणि १९६६ साली अशा दोन मोठ्या घराण्यांचा वृत्तांत छापला. कर्करोग वंशपरंपरेने येऊ शकतो हे त्या काळी फारसे कोणी मान्य करीत नसे. तरीही लिंच यांनी काम सोडले नाही. येशूसंघीयांच्या क्रेटन विद्यापीठात त्यांनी पुढील आयुष्य या संशोधनास वाहिले. १९७१ साली त्यांनी वॉर्थिन यांच्या त्याच घराण्याचा पुढील इतिहासही प्रसिद्ध केला. १९९३ व १९९४ साली या रोगास कारण होणारी जनुके सापडली, आणि आज त्या विकाराला लिंच यांचेच नाव आहे. २०१९ साली ते निवर्तले. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मेरी-क्लेअर किंग या विदुषीने १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर तशाच एका जनुकाचे स्थान दाखविले. ते ‘बीआरसीए-१’ या नावाने ओळखले जाते.

वारशाने नेमके काय येते? रोग येत नाही, धोका येतो. हा भेद अल्फ्रेड क्नडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचा अभ्यास करून मांडला. ४८ बालरुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी असे अनुमान काढले की, पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. जणू गाडीला दोन ब्रेक. एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवितो. दोन्ही गेले म्हणजे गाडी उतारावर सुटते. वारसा मिळालेल्या मुलाचा एक ब्रेक जन्मतःच सदोष असतो. इतरांचे दोन्ही ब्रेक आयुष्यात निकामी व्हावे लागतात. म्हणून घराण्यातील कर्करोग लवकर, कोवळ्या वयात येतो; आणि म्हणूनच वारसा असूनही काहींना तो मुळीच होत नाही.

शंभर कर्करोग्यांपैकी केवळ पाच ते दहा जणांचा रोग अशा ठळक वारशातून आलेला असतो. स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड या देशांतील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक कर्करोगांत वारशापेक्षा इतर कारणांचा भाग मोठा असतो असे त्यातही दिसले. शिवाय पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल उतरविली जाते आणि तीत अधूनमधून आपोआप चुका होतात. त्यांतूनही कर्करोग उद्भवू शकतो. असा रोगी ना व्यसनी असतो, ना कुळाचा बळी. त्याला ‘तुम्ही काय केले होते?’ असे विचारणे हा निव्वळ निर्दयपणा होय.

शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याची कथा येथे आठवते. शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, दोष या माणसाचा की त्याच्या आईबापांचा? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्या आंधळ्याकडे लक्ष दिले. दोन हजार वर्षे ही कथा आपण मिस्सात ऐकत आहोत, आणि तरीही शेजारच्या घरात कर्करोग झाल्याचे कळताच आपण शिष्यांचाच प्रश्न पुन्हा विचारतो.

आता व्यवहाराचे बोलू. एकाच बाजूच्या दोन-तीन जवळच्या नातलगांना स्तन, बीजकोश, आतडे किंवा गर्भाशय यांचा कर्करोग झाला असेल, कोणास पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांस न विचारता आपण होऊन सांगावे. बापाकडची बाजू आईकडच्या इतकीच महत्त्वाची आहे. सदोष जनुक मुलास मिळण्याचा संभव निम्मा असतो, मुलगा असो वा मुलगी. हा वारसा ठाऊक असेल तर वेळच्या वेळी तपासणी करता येते. आतड्यातील कोंब नळीने पाहून, ते कर्करोग होण्यापूर्वीच काढून टाकता येतात. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला हा मार्ग खुला नव्हता. आपल्या मुलींना आहे, परंतु त्यांना घराचा इतिहास ठाऊक असेल तरच. ज्या मौनाने त्यांची लग्ने राखली असे वडीलधाऱ्यांना वाटते, तेच मौन त्यांचे प्राण धोक्यात घालू शकते. आणि रोगाचे नाव ऐकून जे स्थळ परत जाते, ते सासर संकटात साथ देणारे नव्हते असेच समजावे.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे धर्मगुरूंच्या हाती देतो आणि त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण होतो. यंदा ती यादी लिहिताना घरी एक प्रत ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीचे वय व दुखणे, जेवढे आठवेल तेवढे, लिहावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपले मृत आपल्या प्रार्थनेची वाट पाहतात, अशी आपली श्रद्धा आहे. त्यांच्या दुखण्याने नातवंडांचे प्राण वाचले तर त्यांसही समाधानच वाटेल, अशी आमची खात्री आहे.