खिळा आणि ठसा

गेल्या तीसेक वर्षांत अमेरिकेत व इंग्लंडमध्ये खिळ्यांच्या छपाईला पुन्हा बरे दिवस आले आहेत. अडगळीतली यंत्रे घासूनपुसून तरुण मंडळी त्यांवर लग्नपत्रिका आणि छोटी पुस्तके छापतात. जाड सुती कागदात खोल रुतलेले अक्षर बोटांनी चाचपता यावे, ही आजच्या गिऱ्हाइकाची हौस. जुन्या मुद्रकाला मात्र असा खोल ठसा म्हणजे दोष वाटे. अक्षर कागदाला हलकेच टेकावे, पाठीवर वळ उमटू नये, शिशाचा खिळा झिजू नये, ही त्याची शिस्त.

आता तर पुष्कळ ठिकाणी खिळाच नसतो. मजकूर संगणकावर जुळतो, त्याची फोटोपॉलिमरची प्लेट होते आणि तीच यंत्रावर चढते. हे पुनरुज्जीवन मला अर्धेच वाटते. विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स गावी १९९९ साली उघडलेल्या हॅमिल्टन संग्रहालयात मॅपलच्या लाकडातून अक्षरे कापण्याची विद्या अद्याप राखली आहे. तिचे मोल मी अधिक मानतो.

खिळे नसले म्हणजे काय होते, हे आपल्याला ठाऊक असावे. येथील भाषेत व येथील लिपीत ग्रंथ छापावेत, ही मनीषा फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्राने कळवली होती. अडचण साच्यांची होती. ६०० लागतील असे अनेकांना वाटे, ते २०० वर आणता येतील असे फादरांचे म्हणणे. साचे झाले नाहीत. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' निघाले ते रोमन अक्षरांत. पुढे देवनागरी खिळे आले, पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि ऑफसेट आल्यावर कित्येक छापखान्यांतून किलोच्या भावाने मोडीत गेले.