शुद्धलेखन झालं का?

आमच्या पिढीच्या घरात संध्याकाळी ‘अभ्यास झाला का’ याच्या आधी ‘शुद्धलेखन झालं का’ हा प्रश्न येई. आम्ही सत्तरच्या दशकात मराठी शाळेत गेलेली भावंडं, सख्खी-चुलत मिळून एकाच माजघरात वाढलेली. शुद्धलेखन म्हणजे पुस्तकातल्या दहा ओळी वहीत जशाच्या तशा उतरवायच्या. मे महिन्याच्या सुट्टीतही त्यातून सुटका नसे. पुस्तकं बालभारतीची. हे मंडळ पुण्यात १९६७ साली स्थापन झालं, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचं. थोरल्याचं पुस्तक धाकट्याकडे येई, त्यामुळे एकच धडा घरातल्या सगळ्या हातांखालून गेलेला असे.

पण खरी उजळणी चुलीपाशी चाले. ‘आई, शब्द घाल ना,’ म्हणत आम्ही पाटी घेऊन बसायचो. आई पोळ्या लाटता लाटता शब्द घाली. आधी ‘फूल’, मग ‘फुलाला’. ‘सून’, मग ‘सुनेला’. ‘गरीब’, ‘गरिबाला’. मूळ शब्दातला दीर्घ उकार किंवा वेलांटी प्रत्यय लागताच ऱ्हस्व होते, हे तिनं नियम म्हणून कधी सांगितलं नाही. ती जोड्या घालत राही आणि आमचा कान आपोआप तयार होई. मध्येच ‘गुण’ हा शब्द येई. सगळे झटकन दुसरा उकार काढत. मग ती सांगे, ‘हा संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, त्याला हात लावायचा नाही.’ पाटी तिच्यासमोर धरायची. चुकलेल्या अक्षरावर ती बोट टेकवी आणि तिथं कणकेचा पांढरा ठिपका उमटे. तेवढा ठिपका वगळून बाकीची पाटी पुसायची नाही, ते अक्षर दुरुस्त करूनच पुढचा शब्द.

आजोबांचं लेखन मात्र आमच्यापेक्षा वेगळं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली सरकारनं स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आजोबा आयुष्यभर ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असं लिहीत आले होते. आमची वही हातात घेतली की ते चष्मा वर सरकवून म्हणत, ‘काय रे, ‘पांच’वरचा टिंब कुठं गेला?’ मग सांगत, की मुळात तो ‘पञ्च’, त्यातला अनुनासिक पुढं अनुस्वार होऊन शब्दाच्या डोक्यावर बसला. गुरुजींचा नियम एक, आजोबांचा दुसरा. पण दोन्हींमागं काही कारण आहे, हे आम्हाला फार लवकर कळलं. एकदा चुलत भावानं त्यांना उलट विचारलं, ‘मग ‘आजोबांना’ लिहिताना तुमच्यावरचा टिंब सरकारनं का ठेवला?’ आजोबा खूश झाले. आदरार्थी बहुवचन आहे, आणि बहुवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार नव्या नियमातही आहेच, हे त्यांनी त्याच्याचकडून वदवून घेतलं. माझ्या मते त्या एका प्रश्नानं आम्हाला जेवढं व्याकरण आलं, तेवढं वर्षभराच्या तासांनी आलं नसतं.

आजी शाळेत गेलेली नव्हती. दुपारी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम आळीपाळीनं आमच्याकडे असे. विरामचिन्हं आम्ही तिच्यामुळे शिकलो. पूर्णविरामापाशी न थांबता पुढं पळालं, की ती म्हणे, ‘थांब बाळा, कोण गेलं आणि कोण आलं, मला समजलं न्हाई.’ मग तेच वाक्य पुन्हा वाचायचं. तिच्याशी आम्हीही ‘व्हय’, ‘न्हाई’ असंच बोलायचो आणि पाटीवर ‘होय’, ‘नाही’ लिहायचो. आमच्या घरात तिच्या बोलण्याला कुणी अशुद्ध म्हटलं नाही, याचं मला आजही मोठं समाधान वाटतं.

मामाला पोस्टकार्ड लिहायचं तर मजकूर आधी पाटीवर. कार्ड वाया जाऊ द्यायचं नाही, म्हणून पाटीवरच काटछाट होई. ‘ती. मामांस सा. न. वि. वि.’ झालं की उरलेल्या जागेत पाऊस, गाईचं वासरू, परीक्षेचा निकाल सगळं बसवायचं. कुठलं वाक्य ठेवायचं यावर आम्ही भांडायचो, आणि सगळ्यांत धाकटीचं वाक्य शेवटी ‘ता. क.’मध्ये जाई.

आता नातवंडांच्या वह्या पाहतो. गाळलेल्या जागा, जोड्या लावा, योग्य पर्यायावर खूण करा. पान भरतं, पण एक सबंध वाक्य हातून उतरत नाही आणि ते मोठ्यानं वाचलं तर ऐकायला शेजारी कुणी नसतं. आमच्या घरी फार शिकलेली माणसं नव्हती. मुलांचं रोज ऐकून घेणारी मात्र होती. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. पोळ्या होईपर्यंतचा वेळ पुरे होई.

आम्ही भावंडं आज पुण्यात, नाशकात, एक जण बंगळुरात. फोनवर सगळ्यांचा मिळून एक ग्रुप आहे. परवा धाकटीच्या नातवाच्या बारशाचा फोटो आला, तसा कुणीतरी घाईत ‘आशिर्वाद’ लिहून पाठवला. मिनिटभरात थोरलीचा निरोप: ‘शी दीर्घ.’ त्याखाली पुन्हा नीट लिहिलेला ‘आशीर्वाद’ आला, आणि मग बाळाचं नाव काय ठेवलं याची चौकशी सुरू झाली.