दोनशे शोधनिबंध आणि एक रिपोर्ट

यंदा आमच्या तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारचा विषय होता ‘एका पेशीशास्त्रज्ञाचं संशोधन आणि त्याची दखल’. दखल म्हणजे सायटेशन. तुमच्या शोधनिबंधाचा आधार दुसऱ्या किती जणांनी घेतला, त्याचा आकडा. मी डॉ. कमल रणदिवे यांना निवडलं. एक तर त्या मराठी, आणि दुसरं कारण डिचोलीत राहतं. ते पुढे सांगते.

आधी हे आकडे काय असतात ते समजून घेऊ. युजीन गारफिल्ड यांनी 1960च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला आणि कोणी कोणाचा आधार घेतला याची मोजदाद होऊ लागली. 2005 मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. एखाद्याचा एच-इंडेक्स 20 म्हणजे त्याच्या किमान 20 निबंधांची प्रत्येकी किमान 20 वेळा दखल घेतली गेली. हिशेब सोपा आहे, म्हणून नोकरी, बढती, अनुदान सगळीकडे तो विचारतात. त्यात चांगलंही आहे. वशिला नसलेल्या खेड्यातल्या पोराला निदान स्वतःचा आकडा तरी दाखवता येतो.

आता रणदिवेबाई. जन्म 8 नोव्हेंबर 1917, पुणे. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. एम्.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. 1949 मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत पीएच.डी. केली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. शरीराबाहेर वाढत राहणाऱ्या, जगप्रसिद्ध हेला पेशी 1951 मध्ये तिथेच वाढवल्या गेल्या. बाई परत आल्या आणि मुंबईत ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानतात. कर्करोग आणि कुष्ठरोग यांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या होत्या. 1982 मध्ये पद्मभूषण.

आणि त्यांचा एच-इंडेक्स? बाई 2001 मध्ये वारल्या, तेव्हा हे माप जन्मालाही आलं नव्हतं. गूगल स्कॉलर 2004चं. स्वतःचं पान उघडून आकडे सजवायला त्या नव्हत्याच. शिवाय प्रयोगशाळा उभी करणं, तिथे मुलांना हाताला धरून शिकवणं, याचं सायटेशन कुठे लिहितात? तिथे शिकलेला माणूस पुढे स्वतःचा निबंध लिहितो, त्यात पेशी दिसतात, शिकवणारे हात दिसत नाहीत.

उलट उदाहरण आपल्याच प्रॅक्टिकलमध्ये आहे. प्रथिनं मोजताना परीक्षानळीत निळा रंग येतो ना, ती लॉरीची पद्धत. (डिचोलीवाल्यांनो, खनिजाची लॉरी नव्हे!) 1951चा तो निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झालाय, जगात इतकी दखल दुसऱ्या कुठल्याच निबंधाची नाही. त्यात कुठला मोठा सिद्धान्त नाही, सगळ्यांना लागणारी एक पद्धत आहे. म्हणजे आकडा सांगतो तो वापर. थोरवी सांगेलच असं नाही. आणि वापर फारच वाढला की नावही गळून पडतं. डीएनएचा गोफ सगळे काढतात, त्याखाली वॉटसन-क्रिक 1953 असं कोण लिहितं? रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे फार पूर्वीच दाखवून दिलंय.

आता डिचोली. तिथे माझी मावशी राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि पेशी तपासून रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह. म्हणजे त्या पेशींच्या वाढीला हार्मोनची साथ मिळते, आणि ती साथ तोडणारी गोळी आहे. मावशी ती गोळी रोज घेते, आणि चवथीला नेवऱ्यासुद्धा तिनेच केल्या. हे ज्ञान कोणा एकाचं नाही. जगभर कितीतरी लोक त्यात राबले. मुंबईत उंदरांवर हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध शोधणाऱ्या रणदिवेबाई त्यांतल्याच एक. रिपोर्टखाली यांतल्या एकाचंही नाव नव्हतं. सही फक्त डॉक्टरांची.

मी सेमिनारची तयारी करत होते तेव्हा मावशी पेडण्याला आमच्याकडे आलेली. स्क्रीनवरचे आकडे बघून म्हणाली, “बाय, ह्यात माझी गोळी खंय गो?” मी म्हटलं, “ती मोजत नाहीत, मावशी.” ती म्हणाली, “मगे कितें मोजतात?”

घरात सध्या माझ्या पुढच्या वर्षाचा विषय आहे. बाबांचं म्हणणं, तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत लॅबमध्ये नोकरी बघ, घरापासून जवळ, पगार पहिल्या महिन्यापासून. त्यांचं चुकत नाही. धाकटा भाऊ अजून शिकतोय. संशोधनात पडले तर पाच-सात वर्षं आकडा शून्य, सायटेशनचाही आणि बँकेतलाही. तरी मी एम्.एस्सी.चा फॉर्म भरलाय. बाबांकडे दोन वर्षं मागून घेतली आहेत. ते हो म्हणाले नाहीत, पण फीचे पैसे कधी भरायचे ते मात्र त्यांनी विचारलं.

मित्रमैत्रिणींनो, एक करा. पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये निळ्या रंगाचा आलेख काढाल, तेव्हा त्याखाली ‘लॉरी व सहकारी, 1951’ एवढं लिहा. मार्क मिळणार नाहीत. पण आपण कोणाचं वापरतोय ते आपल्याला ठाऊक हवं.