घरजावई हंस

मार्च सरत आला की टोरंटोच्या हाय पार्कमधल्या ग्रेनेडियर तलावाचा बर्फ कडेकडेने सुटू लागतो. तलाव पुरता मोकळा व्हायची वाट न पाहता कॅनडा गूज या हंसांच्या जोड्या येऊन ठेपतात. काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा आणि गळा असा, की बाकावरच्या माणसाला फोन ठेवावा लागतो. इथल्या लोकांना यांचं काडीचं कौतुक नाही. गवतावर, पायवाटांवर यांच्या हिरवट विष्ठेचा सडा. म्हणून अंड्यांना तेल लावून ती उबू न देणं, जूनमध्ये पिसं झडून उडता येईना झालं की धरून ट्रकने लांब नेऊन सोडणं, असे उद्योग या शहराच्या परिसरात होत आलेत.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात जोडी म्हटलं की सारस. धानाच्या बांधीत दोघं चालताना दिसले की लोक गाडी थांबवतात. एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, ही गोष्ट पोराटोरांनाही पाठ. मला मात्र या हंसांचा रोकडा व्यवहार जास्त पटतो. जोडी जन्माचीच, पण एक गेला तर मागे राहिलेला पुढे दुसरा जोडीदार धरतो. परतायचं कुठे, हे बहुतेक मादीच ठरवते. ती जिथे अंड्यातून निघाली त्या मुलखाकडे वळते आणि नर तिच्यामागून येतो. म्हणजे घरजावईच! मीही बायकोच्या नोकरीपायी या शहरात आलो, त्यामुळे नराकडे मी जरा आपुलकीनेच बघतो. मादी स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते आणि जवळपास चार आठवडे एकटीच अंडी उबवते. हा बाजूला उभा. कोणी फार जवळ गेलं की मान जमिनीलगत ताणून, फूत्कारत अंगावर येतो. एरवी काम असं काहीच नाही.

माझं गाव प्रतापगडाजवळ, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. डोंगरावर महादेव, तिथेच दर्गा, महाशिवरात्रीला मोठी जत्रा. पलीकडे नवेगावबांध. तिथे हिवाळ्यात पट्टकादंब यायचे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येणारी ही जात. सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झाली आहे. त्याच तिबेटातली माणसं १९७२ पासून आमच्या शेजारी, गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीत राहतात. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता. हंस ‘आपले पाहुणे’ आणि वसाहतीतले ‘तिबेटी’, असं आम्ही सरळ बोलायचो. दोघांचं माहेर एकच, हे कधी मनात आलं नाही.

हाय पार्कहून थोडं खाली गेलं की पार्कडेल. तिथे इतके तिबेटी की त्याला ‘छोटं तिबेट’च म्हणतात. एका मोमोच्या दुकानात मी बायकोशी फोनवर बोलत होतो. गल्ल्यावरच्या आजीबाई मान वर न करता म्हणाल्या, “कोठचा गा तू? अर्जुनीकडचा?”

आजी नोर्ग्येलिंगच्या. मुलगा इथे आला, मागून त्या आल्या. मी हौसेने नवेगावबांधच्या हंसांचा विषय काढला. तुमच्या मुलखातून यायचे ते, त्यांना पाहून तुम्हाला काय वाटायचं?

“पायले कोणी?” आजी म्हणाल्या. “थंडी लागली का आमी नागपुरात. स्वेटर विकाले.”

हंस यायच्या सुमाराला वसाहतीतली कर्ती माणसं गाठोडी बांधून शहरोशहरी जायची आणि लोसारच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, बेताने परतायची. एवढी वर्षं शेजारी राहून आजींनी तिथला हंस धड पाहिला नाही. इथे स्वेटर विकायचे नाहीत, त्यामुळे रविवारी त्या नातवाला घेऊन ग्रेनेडियरवर येतात. पण कॅनडा गूजचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. परवा नराने नातवाच्या हातातला पाव हिसकला, तेव्हा आजींनी त्याला छत्रीने हाणलं आणि वर आमच्या झाडीपट्टीतली एक शिवीही घातली. ती छापण्याजोगी नाही.