गोंदिया : २१ बाइट

सोर्स कोडची फाइल म्हणजे साधा मजकूर. सालेकसा, देवरीकडून शिकायला येणारी पोरे पायथनच्या फाइलवर डबल क्लिक करतात. काळी खिडकी लखकन येते नि जाते. "सर, फाइल बिघडली." बिघडलेली नसते, चालून संपलेली असते. वाचायची तर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडावी. परक्याकडून आलेली असेल तर चालवण्याआधी वाचावीच.

*

विंडोज फाइलचे शेपूट लपवते. 'धान डॉट सी' समजून ठेवलेली फाइल खरी 'धान डॉट सी डॉट टीएक्सटी' निघते. नव्या मशीनवर एक्स्टेन्शन दिसू देणे हे पहिले काम.

*

पायथन बसवला की लिब फोल्डरमध्ये 'धिस' नावाची छोटी फाइल येते. नेट नसले तरी चालते, म्हणून वाचायला हीच देतो. उघडली की अगम्य मजकूर: टिम पीटर्स यांची पायथनविषयीची सूत्रे, प्रत्येक इंग्रजी अक्षर १३ घरे सरकवलेले. किल्ली शेवटच्या चार-पाच ओळींत आहे. पोरे वरून सुरुवात करतात आणि अडकतात.

*

टायपिंगच्या दुकानांतून अजून कृतिदेव फॉन्ट भेटतो. त्यात लिहिलेले 'गोंदिया' कोड एडिटरमध्ये चिकटवले की उघडे पडते: एक्स, के, एस, ए, एफ, एन, सेमीकोलन, के. आत मराठी नव्हतेच, इंग्रजी खुणांवर फॉन्टने मराठी रूप चढवले होते. त्यातला 'य' म्हणजे सेमीकोलन! अवतरणचिन्हांत असेल तर निभावते. एरवी सी भाषेत जिल्ह्याचे नाव 'दि'पाशीच संपते.

युनिकोडमध्ये तेच नाव सात खुणांचे: ग, ओकार, अनुस्वार, द, इकार, य, आकार. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकीला तीन बाइट, म्हणजे २१. लांबी विचारा, पायथन ७ सांगतो, सीचे स्ट्रलेन २१. डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात. चुकीचे कोणीच नाही.

*

मराठी टिपणी असलेली फाइल उघडली आणि टोप्या-रेघा घातलेली विचित्र इंग्रजी अक्षरे दिसली, तर घाबरू नये. बाइट शाबूत आहेत. एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. पण न जपता बंद करून, बरे का. ओळीने प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र बहुधा अक्षरे गेली. २०१९ च्या मे अपडेटआधीचे नोटपॅड नवी फाइल एएनएसआयमध्ये जपायचे, त्यात मराठी मावत नाही. इशारा द्यायचे, पण इशारा वाचतो कोण?

*

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्यांच्या फाइली जीसीसी कंपायलरमध्ये टाकल्या की कोनिओ या हेडरवर अडतात. शेजारी त्याच नावाची 'बॅक' फाइल असेल तर ती आधीच्या जपणुकीची प्रत, पुसू नये.

*

२००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात. मी फळ्यावर 'भाव' आणि 'क्विंटल' लिहितो. २०२४-२५ चा सर्वसाधारण धानाचा हमीभाव २३०० रुपये, १८ क्विंटल, उत्तर ४१४००. तिरोड्याचा पोरगा लगेच विचारतो, "बोनस कुठं टाकायचा?" तिसरे चल आले. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच हवेत, देवनागरी २३०० लिहिले की सिन्टॅक्स एरर. तेच २३०० कीबोर्डवरून मराठीत टाइप करून दिले तर 'इंट' फंक्शन बिनतक्रार मोजून घेते.