वारा लागतो, पण मारत नाही

मॅगझिन कमिटीने ‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही’ म्हणून गळ घातली तेव्हा मी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरी मराठी पण वहीत इंग्लिश. अजूनही कुणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की मी मनात आधी इंग्लिशमध्ये मोजते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट इंग्लिशमध्ये सांगताच आली नसती, कारण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द माझ्या पप्पांचा आहे, आणि तो मराठी आहे.

मी साताऱ्याची. पप्पा बँकेत आहेत आणि गेली तीन वर्षं त्यांचं पोस्टिंग कोल्हापूरला. सोमवारी पहाटे पाचला बुलेट काढायची, उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, किणी टोलनाका करत नऊच्या आत कोल्हापूर, आणि आठवडा संपला की संध्याकाळी तसंच परत. एका बाजूचे साधारण १२० किलोमीटर. आई म्हणते, “एसटीने जा की हो.” पप्पांचं उत्तर ठरलेलं : “एसटी माझ्या वेळेवर सुटते का?” खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती बुलेट माझ्याहून वयाने मोठी आहे आणि घरातले लाडही तिचेच जास्त होतात.

मागच्या वर्षी पप्पांची मान धरायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मणक्यांत झीज आहे म्हणाले, गाडी कमी करा म्हणाले. पप्पांनी फक्त गाडीवर बोलणं कमी केलं, गाडी चालूच.

तेव्हा मी नुकतंच फ्लुइड मेकॅनिक्स शिकले होते. हॉस्टेलच्या टेबलवर बसून गणित मांडलं. बुलेटला पुढे काहीच आडोसा नाही, सगळा वारा छातीवर. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर, छातीचा समोरचा भाग पाव चौरस मीटर, ड्रॅग कोइफिशंट १ धरला. ताशी ६० किलोमीटरला साधारण सव्वाचार किलो वजनाइतका दाब येतो. ८० ला तोच साडेसात किलोच्या आसपास! वेग वाढला एक तृतीयांश, दाब वाढला पाऊणपटीहून जास्त, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पप्पा दर आठवड्याला दोनदा, छातीला साडेसात किलोचं ओझं लावून दोन-अडीच तास हँडल धरून मागे न पडण्याची कसरत करत होते. मान दुखेल नाहीतर काय होईल?

उत्तर उघड होतं : विंडशील्ड. सेकंड इयरनंतरच्या ट्रेनिंगचे थोडे पैसे मिळाले होते, माझी पहिली कमाई. नाना पेठेत गेले. दुकानदाराने लहान, मध्यम, मोठी अशा तीन काचा काढून ठेवल्या. भाव सांगितला ‘साडेअठराशे’ आणि मी ‘साडे’ कुठे धरायचं ते मोजत बसले. “कुठली देऊ मॅडम?” मी विचार केला, जितकी मोठी तितका वारा कमी. सगळ्यात उंच ॲक्रिलिकची घेतली, साताऱ्याला नेली, दहा-बाराचे पाने घेऊन स्वतः हँडलला बसवली. काचेची वरची कड बरोबर पप्पांच्या डोळ्यांसमोर येत होती. पप्पा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “वा! कारमध्ये बसल्यासारखं वाटतंय.”

मी पुढचे दोन महिने हॉस्टेलवर सगळ्यांना हे वाक्य ऐकवत होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर बुलेट शेडमध्ये, ताडपत्रीखाली. ताडपत्रीवर धूळ. आईला विचारलं तर ती आधी टाळाटाळ करत होती, मग म्हणाली, “पप्पा दीड महिना झाला एसटीने जातायत. तुला सांगू नको म्हणालेत.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काच बसवल्यापासून मान जास्तच दुखत होती. कऱ्हाडपर्यंत जाईतो डोकं जड व्हायचं, एकदा तर गाडी बाजूला घेऊन उलटी झाली. त्यात पाऊस, आणि सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी डायव्हर्जन. रात्री समोरच्या ट्रकचा लाइट ओल्या काचेवर पडला की सगळीकडे नुसत्या चांदण्या. काचेतून दिसायचं नाही, वरून बघायचं तर कड बरोबर डोळ्यांपुढे. एका रात्री डायव्हर्जनची पाटी त्यांना शेवटच्या क्षणी दिसली. त्यानंतर त्यांनी गाडी काढली नाही.

मला आधी राग आला, मग रडू आलं. पप्पांना म्हटलं, “अहो, मला सांगितलं का नाही?”

“तुझ्या पहिल्या कमाईची वस्तू. काढून कशी ठेवायची?” ते म्हणाले. “म्हटलं होईल सवय.”

काचेऐवजी त्यांनी गाडीच काढून ठेवली होती!

मित्रहो, इतकं गणित मांडलं, पण गाडी चालवणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “नक्की काय होतं ते सांगा.”

पप्पा विचार करून म्हणाले, “छातीवर वारा अजिबात येत नाही, ते झकास. पण काचेवरून उतरतो तो भोवऱ्यासारखा डोक्याभोवती फिरतो. हेल्मेटला कुणीतरी दोन्ही बाजूंनी टपल्या मारतंय असं वाटतं. आणि कानात ढोल.”

भोवरा! मी परीक्षेत टर्ब्युलन्सवर पानभर लिहून आले होते, पण तो माझ्या वडिलांच्या डोक्याभोवती फिरतोय हे मला कळलं नव्हतं. वारा काचेच्या कडेपर्यंत नीट येतो आणि कडेवर सुटतो. काचेच्या मागे हवेचा दाब कमी असतो, म्हणून सुटलेला वारा तिकडे खेचला जातो आणि त्याचे भोवरे होतात. काच जितकी उभी आणि रुंद, तितका हा प्रकार जोरात. वरचा सरळ वारा आणि मागची शांत हवा यांच्या मधल्या पट्ट्यात हेल्मेट आलं की टपल्या सुरू. छातीवरचा दाब निदान एका बाजूने आणि सारखा असतो, मान त्याच्याविरुद्ध घट्ट धरता येते. टपल्या कुठून येतील ते मानेला कळत नाही, म्हणून ती सतत ताठ राहते. मी साडेसात किलोचं ओझं छातीवरून काढलं आणि त्रास मानेवर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रयोग केला. आईच्या लाल लोकरीचे चार-चार इंचांचे तुकडे कापून काचेच्या मागच्या बाजूला, पप्पांच्या खांद्यांवर आणि हेल्मेटला सेलोटेपने चिकटवले. विंड टनेलमध्ये असेच धागे लावून हवा कुठे सरळ जाते आणि कुठे उलटते ते बघतात. आमचा विंड टनेल म्हणजे साताऱ्याबाहेरचा रिकामा, सरळ रस्ता. मी मागे बसले. आम्ही सातारकर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघत मोठे झालेलो, वारा आम्हाला नवीन नाही. पण वारा डोळ्यांना दिसला तो त्या दिवशी. खांद्यावरचे धागे मागे जायच्या ऐवजी चक्क पुढे उलटत होते आणि हेल्मेटवरचे वेड्यासारखे नाचत होते. मग पप्पांना थोडं वाकायला सांगितलं, सगळं शांत. मग फूटरेस्टवर जरा उंच व्हायला सांगितलं, वारा जोरात लागला पण टपल्या थांबल्या, धागे सरळ मागे. म्हणजे दोनच रस्ते होते. काच आणखी उंच करायची, नाहीतर कमी करायची. उंच केली तर पावसात काचेतूनच बघावं लागणार आणि ट्रक शेजारून गेला की शिडासारखी ती हँडल ओढणार. म्हणून कमी करायची ठरली.

काच पाठीवर बांधून पुन्हा कॉलेजला! वर्कशॉपमधल्या मामांना दाखवली. त्यांनी आधी नखाने वाजवली आणि म्हणाले, “ॲक्रिलिक हाय. घाई केलीस तर तडकंल.” पॉलिकार्बोनेट असतं तर मार सोसतं पण ओरखडे लवकर पडतात. ॲक्रिलिकचं उलट, ओरखडे कमी पण चीर लगेच जाते. मामांनी कापायच्या रेषेवर टेप लावली, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये काच वाइसला धरली आणि बारीक दातांच्या हॅकसॉने हळूहळू पाच इंच माझ्याकडून कापून घेतली. मग कानस, मग पॉलिश पेपर. पूर्ण दुपार गेली. त्या दिवशीचं लेक्चर बुडालं, त्याबद्दल सरांची इथे जाहीर माफी.

घरी बसवताना दोन गोष्टी केल्या. काचेची कड पप्पांच्या हनुवटीच्या खाली ठेवली, म्हणजे नजर आरामात वरून जाते. आणि क्लॅम्प वर सरकवून हेडलाइट आणि काचेच्या मध्ये दीड इंच फट ठेवली. त्या फटीतून थोडा वारा मागे येतो, तिथला कमी झालेला दाब भरून निघतो आणि वरचे भोवरे मंदावतात. पहिल्या वेळी मी हीच फट अगदी निगुतीने बंद केली होती!

पप्पा कऱ्हाडपर्यंत जाऊन आले. आई आणि मी दारातच उभ्या. हेल्मेट काढून त्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली आणि म्हणाले, “वारा लागतो, पण मारत नाही.”

मान पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, झीज ती झीजच. आता ते पाऊस असेल तेव्हा एसटीने जातात, इतर वेळी बुलेटने, आणि पेठ नाक्याला थांबून चहा घेतात. विंडशील्ड लावली म्हणून वेग वाढवायचा नाही आणि हेल्मेटची काच उघडी ठेवायची नाही, या आईच्या अटी आहेत.

हॉस्टेलवरून बाइकने घरी जाणाऱ्यांना इतकंच सांगते : काच दुकानात उभं राहून निवडू नका, गाडीवर बसून निवडा. नजर कडेवरून जाते का बघा. टपल्या बसत असतील तर रिकाम्या रस्त्यावर, बेताच्या वेगात, जरा वाकून आणि जरा उंच होऊन बघा, उत्तर तिथेच मिळेल. काच पेट्रोलने पुसू नका, साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. लांब जायच्या आधी क्लॅम्पचे बोल्ट तपासा.

आणि घरच्या कुणासाठी घेत असाल तर महिन्याभराने फोन करून विचारा. “बरंय” म्हणाले तर पुन्हा एकदा विचारा. मी आता दर सोमवारी नऊला विचारते. परवा पलीकडून उत्तर आलं, “पोचलो गं. मान जागेवर आहे. तुझी सबमिशन्स कुठवर आली?”