कापलेला रफार

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, काम करायचं तर आधी कोडिंग पक्कं हवं, असं मला सांगणारे सगळे पुण्यात नोकरीला असलेले होते. माझं सेवा केंद्र येरमाळ्यात. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, झेरॉक्स, यातच दिवस जातो. संगणकाची पदवी घेतली ती बार्शीला जाऊन-येऊन, आणि नंतर कोड लिहायचा संबंध जवळजवळ सुटला. तरी आज एका ॲपच्या कोडमध्ये माझ्या नावावर एक बदल आहे. तो तिथं कसा पोचला ते सांगते, कारण दुकानात येणारी पोरं हेच विचारतात आणि यूट्यूबवर त्यांना जे ऐकायला मिळतं ते बरंचसं भलतंच असतं.

सुरुवात नकाशापासून झाली. येरमाळा सोलापूर–धुळे महामार्गावर आहे, आणि बार्शीहून कळंबला जाणारा रस्ताही इथूनच जातो. येडेश्वरीचं देऊळ डोंगरावर. चैत्री यात्रेला लाखांनी माणसं येतात आणि बाहेरगावच्या गाड्या मोबाइलच्या भरवशावर भलत्याच पाणंदीत शिरतात. एक टेम्पोवाले मामा दुकानापुढं थांबून म्हणाले, ‘ताई, हे तर वावरातनं रस्ता दावतंय की ओ!’ त्यांच्या मोबाइलवरची ती वाट मला चांगली ठाऊक होती. पावसाळ्यात तिथून बैलगाडीसुद्धा जात नाही.

त्यांचा नकाशा एका कंपनीचा होता. तिथं चूक कळवता येते, पण पुढं तिचं काय होतं याचा पत्ता लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचं तसं नाही. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतो आणि परवान्याची अट पाळून कुणीही वापरू शकतो. खातं उघडलं. ब्राउझरमध्येच ‘आयडी’ नावाचा एडिटर उघडतो. खाली उपग्रहाचं चित्र, वर रस्त्यांच्या रेघा. ती वाट निवडली, तिचा प्रकार ‘ट्रॅक’ केला, पृष्ठभाग ‘माती’ लिहिला. साठवताना काय बदललं आणि कशाच्या आधारावर, हे एका ओळीत लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘मी याच गावची, वाट रोजच्या पाहण्यातली.’ थोड्याच वेळात बदल नकाशावर दिसायला लागला. तहसीलमध्ये साध्या दुरुस्तीसाठी किती खेटे घालावे लागतात हे जिला माहीत आहे, तिला हे जरा अजबच वाटणार.

मग चटक लागली. गावांची देवनागरी नावं ‘नेम:एमआर’ नावाच्या रकान्यात भरायची असतात. आसपासच्या वस्त्यांचे ते रकाने रिकामे होते, म्हणून मराठीत शोधलं की काहीच हाती लागत नसे. ते भरत गेले. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. अशा वेळी जुनं नाव पुसून टाकत नाहीत, ‘ओल्ड नेम’ या रकान्यात जपून ठेवतात. ही पद्धत मला फार आवडली. एक नियम मात्र कडक आहे: दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर बघून काही उतरवायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतः विचारून घेतलेलं, किंवा ज्यांच्या मालकांनी परवानगी दिली आहे अशा उपग्रहचित्रांवरून काढलेलं, तेवढंच.

हे सॉफ्टवेअर कुठं, ही तर माहिती झाली, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण सॉफ्टवेअरपर्यंत मी याच वाटेनं पोचले. नकाशात भर घालायला मोबाइलची ॲप आहेत. स्ट्रीटकम्प्लीट हे त्यातलं नावाजलेलं: रस्त्यानं चालता चालता ते विचारतं, हा रस्ता डांबरी की कच्चा, ही इमारत किती मजली, हे दुकान अजून चालू आहे का, आपण उत्तर दिलं की ते नकाशात जातं. मी आणखी एक छोटं ॲप वापरत होते, त्याचं नाव इथं घेत नाही. ते मराठीत लावलं की बटणांवरच्या अक्षरांचा वरचा भाग कापला जायचा. वेलांटीची कमान अर्धी, मात्रा नुसती ठिपक्याएवढी, आणि रफार तर पूर्ण गायब. ‘मार्ग’चं ‘माग’, ‘सर्व’चं ‘सव’. ‘दर्शनाची वेळ’ लिहिलेलं ‘दशनाची वेळ’ दिसायचं. दशन म्हणजे दात, त्यामुळे आई येडेश्वरीच्या देवळाला दंतवैद्याचा दवाखाना केल्यासारखं झालं होतं.

ॲप करणारी माणसं युरोपातली. त्यांच्या पडद्यावर सगळं ठाकठीक. ही चूक देवनागरी वाचणाऱ्यालाच दिसणार, आणि पोरांना मी हेच सांगते की तुमचं भांडवल इथं आहे. तुम्हाला जे दिसतं ते त्यांना दिसत नाही.

नवी तक्रार टाकण्याआधी जुन्या तक्रारी धुंडाळल्या. थाई लिपीत अक्षरांवर स्वरांची आणि सुरांची चिन्हं एकावर एक चढतात; कुणा थाई माणसानं हेच दुखणं आधी मांडलं होतं आणि ते तसंच पडून होतं. मी त्याच्याच खाली लिहिलं. मोबाइल कोणता, ॲंड्रॉइडची आवृत्ती कोणती, कुठल्या पानावर गेलं की दिसतं, काय दिसतं, काय दिसायला हवं. सोबत दोन चित्रं, एक बिघडलेलं आणि एक त्याच मोबाइलमधल्या दुसऱ्या ॲपचं, जिथं रफार नीट दिसतो. इंग्रजी माझं जेमतेमच, पण छोट्या वाक्यांना इंग्रजी फारसं लागत नाही. ‘ॲप चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ असं लिहिणाऱ्यांची तिथं रांग असते. त्यांना सहसा उत्तरही येत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. समोरचा माणूस नोकरी करून, पदरचा वेळ घालून हे काम करत असतो.

उत्तर आलं: कारण कळलंय, दुरुस्ती पाठवाल का?

कारण खरंच एवढंसं होतं. अक्षरांच्या वर आणि खाली जी मोकळी जागा राहते ती काढून टाकण्याची एक सोय ॲंड्रॉइडमध्ये आहे. रोमन अक्षरं त्यानं छान आटोपशीर बसतात, आपल्या मात्रा-वेलांट्यांच्या मानेवर सुरी. अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही यंत्रणा रफार योग्य जागी बसवत होती. ॲंड्रॉइड, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळे तीच वापरतात आणि तीही ओपन सोर्सच. टंकातही खोट नव्हती. फक्त बसवलेल्या रफाराला डोकं वर काढायला जागा ठेवली नव्हती.

ती एक ओळ बदलायची म्हणजे सगळा विधी करावा लागतो. आधी मूळ कोडची आपल्या खात्यात प्रत घ्यायची, तिला फोर्क म्हणतात. त्या प्रतीत वेगळी फांदी काढायची, बदल करायचा, काय केलं ते लिहून कमिट करायचं, आणि मग ‘हा बदल तुमच्यात घ्या’ अशी विनंती पाठवायची, ती पुल रिक्वेस्ट. माझ्या लॅपटॉपला अख्खं ॲंड्रॉइड स्टुडिओ पेलवत नाही आणि आमच्याकडच्या विजेचं तर विचारूच नका. पण बऱ्याच प्रकल्पांत विनंती आली की त्यांच्या सर्व्हरवर ॲप आपोआप बांधून, तपासून निघतं. मी ब्राउझरमध्येच ओळ बदलली आणि तयार झालेलं ॲप मोबाइलवर उतरवून पाहिलं. महागडा लॅपटॉप घेतल्याशिवाय यात पडता येत नाही, ही समजूत तिथंच गळून पडली.

मग त्यांच्याकडून तपासणी. इंग्रजीत बटणं बेढब होत नाहीत ना, लहान पडद्यावर मजकूर दुसऱ्या ओळीत जातो का, आधीची आणि नंतरची चित्रं पाठवा. अर्ज भरायला आलेल्या एका आजोबांचा पिचलेल्या काचेचा मोबाइल मागून घेतला, त्यांना चहा पाजला आणि त्यावर चित्रं काढली. एका पानावर खरंच मजकूर दोन ओळींत गेला होता, तिथं ॲपवाल्यांनी आणखी एक बारीक बदल सुचवला, तो केला. मग एके सकाळी विनंतीवरची हिरवी खूण जांभळी झाली. गिटहबवर, म्हणजे हा कोड जिथं ठेवलेला असतो त्या संकेतस्थळावर, जांभळी म्हणजे बदल घेतला. थाई माणसाचं कामही त्यातच झालं.

आमच्या चैत्री यात्रेत पालखी आमराईत जाते तेव्हा भाविक चुनखडीचे खडे वेचतात. ज्याच्या हाताला जेवढे लागतील तेवढे, पण चुनखडीचेच. दुसरा दगड चालत नाही. मला हे काम त्याच जातीचं वाटतं, आणि दुसरे दगड आणून टाकणारे इथंही असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट होता. लोकांनी प्रकल्पाची माहिती देणाऱ्या ‘रीडमी’ फाइलींत एखादा शब्द उगाच घुसडून कितीतरी प्रकल्पांना इतकं भंडावलं की आयोजकांना नियम बदलून, सहभागाला तयार असलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. २०२४ मध्ये एक्स्प्रेस या प्रसिद्ध प्रकल्पाच्या फाइलीत स्वतःचं नाव लिहून पाठवणाऱ्यांचा पूर आला. त्यात आपल्याकडचे विद्यार्थी पुष्कळ होते. यूट्यूबवरच्या व्हिडिओत सरावासाठी दाखवलेलं त्यांनी खऱ्या प्रकल्पावर जसंच्या तसं केलं. बायोडेटात दाखवायला काहीतरी हवं, हे मला समजतं. इथल्या पोराला पुण्यात मुलाखतीला जाताना कशाचा तरी आधार लागतो. पण ज्या ॲपला आपण स्वतः कधी हात लावला नाही, त्यात सुधारणा शोधणं म्हणजे नुसती उठाठेव.

म्हणून दुकानात येणाऱ्या पोरांना मी आधी विचारते, रोज वापरता त्यातलं काय खटकतं? कोणी सांगतं, मराठी शब्द ओळीच्या शेवटी चुकीचे तुटतात. कोणी म्हणतं, सूचना इतक्या जुन्या की त्यातलं बटणच आता नाही. ती सूचना दुरुस्त करणं हाही हातभारच, आणि प्रकल्प चालवणाऱ्यांना तो बहुतेक वेळा कोडपेक्षा जास्त हवा असतो, कारण ते कंटाळवाणं काम कुणी करत नाही. त्यातली एक मुलगी आता रीतसर कोड पाठवते, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला.

येरमाळ्याच्या शिवारातल्या बऱ्याच वस्त्या, विहिरी, पाझर तलाव नकाशात अजून बिननावाचे आहेत. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडचं कुणी हे वाचत असेल तर आपल्या गावापासून सुरुवात करा. ओपनस्ट्रीटमॅपचं खातं उघडायला ईमेल पुरतो, पैसे लागत नाहीत. आणि मराठीत लावलेल्या कुठल्याही ओपन सोर्स ॲपमध्ये रफार कापलेला दिसला, तर चित्र काढून त्यांच्या तक्रारींच्या पानावर टाका. चार ओळींचं काम आहे.